पंचवीस डोक्यांचा भाव

डोंबिवली पूर्व,
रविवार, १३ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सलिलचा नमस्कार.

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे. पण यंदा ती पाळता येत नाही, कारण आपल्या घराण्यावर फार मोठं संकट कोसळलं आहे. खोपोलीच्या बाजूला ते पाळण्यांचं अवाढव्य पार्क आहे ना, त्याच्या नियमावलीत सातवं कलम आहे: बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई.

ताई, ज्या घराण्याने दशम्यांशिवाय कर्जत ओलांडलं नाही, जे लग्नाच्या पंगतीला निघतानाही 'असू दे' म्हणून चिवड्याची पुडी पिशवीत टाकतं, त्या घराण्याला हे ऐकवायचं? हेमावहिनीने दोन दिवस स्वयंपाक केला नाही. बाळदादाने पार्कला मेल पाठवली, 'आमच्या मातोश्री एक्क्याऐंशीच्या असून त्यांना बाहेरचे सोसत नाही.' बँकेतून निवृत्त झाला तरी पत्रव्यवहाराची खाज गेलेली नाही. उत्तर आलं, वैद्यकीय प्रमाणपत्र आणा. आता दशमी हे औषध आहे असं लिहून देणारा डॉक्टर आम्ही फडके रोडवर शोधतोय.

सव्वीस वर्षांत तुला एक पत्र लिहिलं नाही, आणि लिहितोय ते दशम्यांवर. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मुख्य दारातून यायला मला कधी जमलेलं नाही.

तर आईचं सहस्रचंद्रदर्शन. दादाने आधी हॉल पाहिले. माणशी सहाशेचं पान, दीडशे माणसं, वर गुरुजी, वर फुलं. आकडा ऐकून तो म्हणाला, 'आईला दगदग होईल.' आपल्याकडे खर्च परवडेनासा झाला की तो आधी आईच्या तब्येतीला बाधतो. मग मुलांनी मोबाइलवर मतदान घेतलं आणि अकरा विरुद्ध चार मतांनी ठरलं की आजीचं सहस्रचंद्रदर्शन पार्कात करायचं. आईला मत नव्हतं. तिच्याकडे साधा फोन आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमची डोकी एकवीस. तिकीट बाराशे. पण मंगळवारसारख्या आडवारी पंचवीस किंवा जास्त डोकी एकत्र आली तर तेच तिकीट आठशेला. दादाने लॅपटॉप मांडीवर घेऊन हिशोब जाहीर केला. 'एकवीस जण गेलो तर पंचवीस हजार दोनशे. पंचवीस गेलो तर वीस हजार. म्हणजे चार माणसं आपण फुकट नेली, तरी पाच हजार दोनशे वाचतात.'

तू विश्वास ठेवणार नाहीस, पण घरात टाळ्या वाजल्या.

मग चार माणसांचा शोध सुरू झाला. मुलुंडच्या काकांकडे चौघं आहेत, पण टाकीच्या गळतीवरून त्यांच्याशी बोलणं बंद. वहिनीच्या भावाकडे तीनच. 'कुत्रं धरतात का बघ,' मी म्हटलं, तर दादाने माझ्याकडे थकबाकीदाराकडे बघतात तसं बघितलं. आई खाली बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'आसावरीकडे चौघं आहेत.'

ताई, आपल्या हॉलमधला पंखा आवाज करतो हे मला त्या दिवशी कळलं.

तुझं नाव या घरात मोठ्याने घेतलं गेल्याला सव्वीस वर्षं झाली. ते घेतलं गेलं आणि छत पडलं नाही. दादाने थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि मग टाइप केलं, 'ए अधिक तीन'. नाव पूर्ण लिहायचा धीर झाला नसावा. पण रकाना भरला, बेरीज पंचवीस आली.

तुझा पत्ता आईने दिला. पंचांगात घडी घालून ठेवलेली चिठ्ठी होती. ठाणे पूर्व, कोपरी, इमारतीचं नाव, दुसरा मजला, दोन्ही मुलांची नावं. कुणी दिली विचारलं तर म्हणाली, 'एवढ्या वर्षांत एक चिठ्ठी मिळवता येत नाही होय?'

तर हे निमंत्रण. १३ मे, मंगळवार, सकाळी साडेसहा, आपल्या गल्लीच्या तोंडाशी बस. तुझं, सुदेशरावांचं, दक्षताचं आणि शौनकचं तिकीट दादा भरणार आहे. कारण वर लिहिलंच आहे. गोड बोलून लपवलं असतं, पण तुला बेरीज माझ्यापेक्षा चांगली येते.

मला स्वतःला असल्या जागांचं वावडं आहे. एकदाच गेलेलो, गोराईला, पुष्कळ वर्षं झाली. असो.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल, असं लिहिणार होतो. चालणार नाही.

तुझा
सलिल


डोंबिवली पूर्व,
मंगळवार, २९ एप्रिल २०२५

ती. ताई,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहीचं अर्धं पान. माझ्या तीन पानांना हा भाव योग्यच आहे. तुझं अक्षर अजून तसंच, काना काढताना तलवार काढल्यासारखं. तू लिहिलेलं मी तुलाच परत लिहून दाखवतो, कारण गेले चार दिवस मी दुसरं काही वाचलेलं नाही.

'सलिल, तुमच्या पंचविसात चार कमी पडत असतील. आमच्याकडे संख्या पूर्ण आहे. लग्नाच्या कागदावर तिसऱ्या साक्षीदाराची जागा तू मोकळी ठेवलीस, ती कोर्ट नाक्यावरच्या स्टॅम्पपेपरवाल्या धनेशने भरली. हारांचे पन्नास रुपये मी तुला आदल्या दिवशी दिले होते. फी भरून आमच्याकडे घरी जायच्या रिक्षापुरतेच उरले होते, म्हणून हारही त्यानेच आणले. परत करायला गेलो तर घेत नाही. म्हणतो, ज्याने आणायचे होते त्याच्याकडून घेईन. तेव्हापासून तो दर भाऊबीजेला येतो. आईला आणायचं तर आण. आमच्याकडे तिला तिकीट लागत नाही. आसावरी.'

भाऊबीजेला येतो, हे तू न लिहितीस तरी चाललं असतं. पण तू लिहिणार. आपण एकाच आईची मुलं.

'गोराईला गेलेलो, असो' असं मी मागच्या पत्रात लिहिलं. त्या 'असो'मध्ये काय आहे ते आता लिहितो. हे अंतरालाही माहीत नाही, आणि बायकोला माहीत नसलेली गोष्ट आपल्या घरात एवढी वर्षं टिकणं हाच एक विक्रम आहे.

डिसेंबर अठ्ठ्याण्णव. डोंबिवलीच्या पुलावर तू माझ्या हातात पन्नासची नोट ठेवलीस. 'दोन हार आण. झेंडूचे नकोत, निशिगंधाचे बघ. अकराला ठाण्याला, कोर्ट नाक्यावर. आणि शर्टाला इस्त्री कर रे, फोटो काढायचेत.' मी 'हो हो' म्हटलं. घरी येऊन इस्त्रीही केली.

सकाळी कॉलेजमधली माझ्या वर्गातली मुलं गोराईला निघाली होती. तू इतकी वर्षं काय समजलीस ते मला माहीत नाही. झोप लागली असेल, ताप आला असेल, बाबांनी कोंडलं असेल. कोंडलं असतं तर किती सोपं झालं असतं! मला कुणी ओढून नेलं नाही, ताई. मी चांगला विचार करून गेलो. संध्याकाळी बाबा विचारणार, 'तू कुठे होतास?' तेव्हा त्याला उत्तर पाहिजे, आणि पुरावाही पाहिजे, एवढाच तो विचार होता. त्या पार्कात शिरताना मनगटावर निळ्या शाईचा शिक्का मारत.

अकरा वाजता मी पाळण्याच्या रांगेत होतो. घड्याळ बघितलं, हे मुद्दाम लिहितो. तिथे पन्नास रुपयांत फोटो काढून देत, पाळणा खाली कोसळतानाचा. तुझ्या नोटेचं मी ते केलं. तो फोटो माझ्याकडे अजून आहे, विम्याच्या कागदांच्या खाली. कडक इस्त्रीचा शर्ट आहे. आणि त्यात मी हसतोय.

संध्याकाळी तू घरी ठेवून गेलेली चिठ्ठी बाबांच्या हातात होती. बाळदादा भिंतीला टेकून उभा. बाबांनी विचारलं, 'तुला ठाऊक होतं?' मी नुसता हात पुढे केला. त्यांनी शिक्का वाचला, खिशातला चष्मा काढून परत वाचला, आणि आईला म्हणाले, 'त्याला गरम पोळी वाढ.'

ती पोळी मी खाल्ली.

तुमच्याकडे लग्नाच्या कागदावर शिक्का, माझ्याकडे मनगटावर. माझा दोन आंघोळींत गेला.

आणि बाबा गेले तेव्हा तू आलेलीस. खाली सोसायटीच्या गेटपाशी उभी होतीस, हिरव्या काठाची साडी, हातात काही नाही. अर्धा तास तरी उभी असशील. सगळ्यांना वाटतं तुला कुणी पाहिलं नाही. मी गॅलरीतून पाहिलं आणि बूट शोधायच्या निमित्ताने आत गेलो.

बाबांचं म्हणणं काय होतं, आठवतंय? कोळ्याच्या घरात मुलगी गेली, आता घराला मासळीचा वास लागेल. सुदेशराव तेव्हाही शाळेत गणित शिकवत होते, मासळीचा संबंध त्यांच्या आजोबांच्या होडीपुरता. पण घरात गणिताला वास नसतो. आता ऐक. आज आपल्या त्याच घरात दर बुधवारी मोबाइलवरून सुरमई येते, साफ करून, तुकडे करून, प्लास्टिकमध्ये. हेमावहिनी ती बाबांच्या तसबिरीखालच्या टेबलावर उघडते. कुणाला वास येत नाही. वास कशाचा होता, हे आता कुणाला विचारायचं?

पंचवीसचं काम मात्र झालं, काळजी नको. टिटवाळ्याहून वहिनीची मावसबहीण, तिचे यजमान आणि दोन मुलं येताहेत. नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेत, पाणी एक दिवसाआड, पण स्विमिंग पूल आहे. दादाने त्यांच्याकडून आठशेप्रमाणे आधीच घेतले. 'ए अधिक तीन' पुसून 'टिटवाळा चार' झालं. एवढी सोपी तुझी जागा भरता येते, हे पाहून मला तुझ्या कागदावरचा धनेश आठवला. मग वाटलं, नाही, तो वेगळा हिशोब.

आईने विचारलं, 'आसावरीचं काय आलं?' मी तिला फक्त तुझी शेवटची ओळ वाचून दाखवली, तिकिटाची. तिने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, 'म्हणजे किती वाजता जायचं?'

मी म्हटलं, वाढदिवस होऊन जाऊ दे, मग एखाद्या रविवारी. ती म्हणाली, 'माझे रविवार किती राहिलेत, ते दादाच्या यंत्रात येतं का बघ.'

१३ मेलाच म्हणते. मी दादाला अजून सांगितलेलं नाही. भेकडपणा एका दिवसात जात नाही, पण आदल्या दिवशी नक्की सांगेन.

सलिल


डोंबिवली पूर्व,
गुरुवार, १५ मे २०२५

ती. ताई,

आदल्या दिवशी सांगितलं नाही. हे तू ओळखलंच असशील.

मंगळवारी साडेसहाला बस लागली. पुढच्या काचेवर आईचा मोठा केलेला फोटो, खाली 'सहस्रचंद्रदर्शन सहल'. सगळ्यांना एकसारख्या पिवळ्या टोप्या. दशम्या सान्वीच्या, म्हणजे दादाच्या नातीच्या, लंगोटांच्या पिशवीत तळाशी लपवलेल्या. दादा दारात उभा राहून डोकी मोजत होता. आई जिना उतरून आली, नऊवारी, नाकात नथ, हातात वेगळा डबा. बसच्या पायरीपाशी थांबली आणि म्हणाली, 'बाळ, मी नाही येत. सलिल मला कोपरीला नेतोय.'

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी टोपीकडे पाहिलं.

'आई, अगं तुझा वाढदिवस आहे!'

'म्हणूनच.'

'तेवीस होतात!' दादा ओरडला. त्याच्या तोंडून पहिला शब्द हा आला, आणि ताई, मी त्याला दोष देत नाही, तो सगळ्यांसाठीच महिनाभर हिशोब करत होता. 'तेवीस झाले तर भाव जातो. बाराशेने सत्तावीस हजार सहाशे. आई, तुझी कोपरी सात हजार सहाशेला पडते!'

'स्वस्त आहे,' आई म्हणाली.

मग दादा खाली उतरला, आईचा हात धरला, आवाज मऊ केला. 'असं कर. फक्त गेटपर्यंत ये. मनगटाला पट्टा बांधून घे, मोजणी झाली की मग तुला हवं तिकडे जा. गाडी करून देतो.'

आईने आपलं मनगट पाहिलं. बांगड्या मागे सारल्या, परत पुढे घेतल्या. 'आपल्या घरात एकाच्या मनगटावर शिक्का बघितला मी,' ती म्हणाली, 'तेवढा पुरे.'

तिला माहीत होतं, ताई. त्या रात्री गरम पोळी तिनेच वाढली होती, आणि कशासाठी वाढतोय हे तिला माहीत होतं. एवढी वर्षं रोज माझ्या पानात पोळी वाढताना माहीत होतं.

दादाला काही कळलं नाही. तो ड्रायव्हरशी बोलायला वळला होता. नंतर समजलं की ड्रायव्हर राकेश आणि सत्तरीचा क्लीनर रामा यांना आमच्या दोन टोप्या देऊन पंचवीस पूर्ण केले. दशम्या गेटवर पकडल्या. आईचा केक कापायची वेळ आली तेव्हा सुरी कुणाच्या हातात द्यायची यावर जरा घोळ झाला, मग रामाने कापला. फोटो ग्रुपवर आलेत. वयाने तोच थोडाफार जवळचा दिसतो. अंतराने मला तो फोटो दाखवून नुसतं विचारलं, 'मनगटाचं काय म्हणाल्या आई?' तिला आता सगळं सांगितलंय. ती दोन दिवस माझ्याशी बेताने बोलते आहे.

आम्ही रिक्षाने आलो. कल्याण-शीळ रस्ता, मग खाडीचा पूल. सगळ्या रस्त्याला आई एकच वाक्य बोलली. 'डबा सरळ धर.' तुझ्या इमारतीखाली उतरलो, जिन्यापर्यंत तिला नेलं. ती म्हणाली, 'पुढे मी जाते.' कठड्याला धरून, एकेक पायरी. तुझं दार उघडल्याचं ऐकू आलं. डब्यात तिळाच्या दशम्या होत्या. तुझ्या दाराला सातवं कलम नव्हतं, एवढं कळलं, कारण डबा परत खाली आला नाही.

मी खाली गेटपाशी उभा राहिलो. तू आपल्या गेटपाशी कशी उभी राहिली असशील ते कळावं म्हणून, असं लिहिलं तर छान दिसेल. खरं म्हणजे मला वर यायची छाती नव्हती. पंधरा मिनिटांनी एक मुलगी जिना उतरून आली. डोळे तुझे, चाल कुणाची ते माहीत नाही.

'सलिलमामा ना? मी दक्षता.'

'हो.'

'आईने विचारलंय, वर येणार का. आणि नको म्हणाले तर आग्रह करू नकोस, असं पण सांगितलंय.' मग जरा थांबून म्हणाली, 'मी करू शकते, तिला नाही सांगणार.'

बाबा गेले तेव्हा आमच्या गॅलरीतून असं कुणीतरी खाली धावायला हवं होतं. एक जण होता तिथे. त्याला बूट सापडत नव्हते.

मी तिला म्हटलं, 'एक काम राहिलंय, ते करून येतो.' ती म्हणाली, 'आजी चार वाजेपर्यंत आहे, आरामात या.' तुझी मुलगी टोमणे मारत नाही. हे कुठून आलं?

ठाण्यात मी वीस वर्षं नोकरीला आहे, तुला माहीत आहे की नाही कोण जाणे. रोज पश्चिमेला उतरतो. कोपरीकडे येणारा तो स्टेशनचा पूल मी वीस वर्षांत एकदाही ओलांडला नव्हता. मंगळवारी पूर्वेकडून चढलो आणि पश्चिमेला उतरलो. उलट्या बाजूने तो बराच लहान आहे.

कोर्ट नाक्यावर विचारावं लागलं नाही. 'धनेश स्टॅम्प पेपर, झेरॉक्स, लॅमिनेशन.' आणि ताई, त्या टपरीवर मी दोनदा गेलेलो आहे! एकदा फ्लॅटच्या कागदांच्या झेरॉक्सला, एकदा बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या. दोन्ही वेळा सुट्ट्यावरून हुज्जत घातली होती. टक्कल पडलेला, कानावर पेन, पुढ्यात कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र.

दोन माणसं पुढे होती. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, 'किती प्रती?'

मी पन्नासची नोट काचेवर ठेवली. 'दोन हारांचे आहेत,' म्हटलं. 'निशिगंधाचे. अठ्ठ्याण्णव सालचे.'

त्याने कानावरचं पेन काढलं. माझ्याकडे पाहिलं, नीट, फोटो आणि माणूस जुळवतात तसं. मला वाटलं आता काही बोलेल, मी तयारीत होतो. काहीही ऐकून घ्यायच्या तयारीत.

तो म्हणाला, 'निशिगंध मिळाला नव्हता. शेवंतीचे आणले होते.'

नोट गल्ल्यात टाकली आणि माझ्या मागच्या माणसाला म्हणाला, 'बोला.'

आईला घ्यायला मी चारला आलो, खालीच थांबलो, ते तू गॅलरीतून पाहिलंस. तू आत गेली नाहीस, तेही मी पाहिलं.

ज्याची जागा भरली गेली, तो तुझा धाकटा भाऊ,
सलिल